चुकीतला पाव वाटा

बाबांना त्या दिवसाची सकाळ नीट आठवायची. म्हशीला पेंढा टाकला, अंगणात बसून दाढी केली, आईने भाकऱ्या लवकर थापल्या, कारण दोघांना पोलादपूरला जायचं होतं. डोंगर उतरताना वाटेवर वाळका पाला इतका पडला होता की पाय सरकत होते, हेसुद्धा ते सांगायचे. त्यापुढचं एकदम महाडच्या दवाखान्यातला पंखा. मधला दिवस त्यांच्या डोक्यातून पुसला गेला तो कायमचा.

शुद्धीवर आल्यावर ते मला पुन्हा पुन्हा विचारायचे, "आम्ही पोलादपूरला पोचलो व्हतो काय?"

"पोचला होतात बाबा. भाताचं बियाणं घेतलंत. छत्रीची काडी बदलून घेतलीत."

"आणि मग?"

"मग परत येताना टेम्पोने उडवलं."

"मी काय करत व्हतो?"

"रस्ता ओलांडत होतात."

एवढं ऐकूनही थोड्या वेळाने ते पुन्हा पहिल्यापासून विचारायचे. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, मांडीत सळई घालावी लागली होती आणि डोक्याला मार होता. डॉक्टर म्हणाले, डोक्याला लागलेल्या माणसाला तेवढा वेळ आठवत नाही, नका ताण देऊ. पण ताण आम्ही देत नव्हतो, तेच स्वतःला देत होते.

मी महाडात एका प्राथमिक शाळेत शिकवते, लग्न होऊन इथेच आले. भाऊ मुंबईला असतो. आईबाबा दोघंच वर वाडीत राहायचे. महाडकडून पोलादपूरला जाताना हायवेच्या डाव्या हाताला एक पायवाट डोंगरात शिरते, ती आमच्या वाडीची. पूर्वी हायवे अरुंद होता. गाडी येताना दिसायची, ऐकू यायची, माणूस दोन ढांगांत पलीकडे व्हायचा. नंतर रस्ता रुंद झाला, मधे दुभाजक आला. आमच्या वाटेसमोर दुभाजकात थोडी मोकळी जागा राहिली होती, तिथूनच सगळे ओलांडायचे. शाळेची मुलं, डोक्यावर लाकडं घेतलेल्या बायका, सगळे. तिथे पट्टे नव्हते, दिवा नव्हता आणि महाडच्या बाजूला जवळच वळण होतं.

त्या दिवशी पोलादपूरहून येणाऱ्या सहा आसनी रिक्षाने दोघांना पलीकडच्या कडेला सोडलं. आई पिशवी घेऊन पुढे झाली. बाबा रिक्षावाल्याकडून सुटे पैसे घेत मागे राहिले. आई दोन्ही रस्ते ओलांडून वाडीच्या वाटेपाशी उभी राहिली. बाबा दुभाजकापर्यंत आले, आणि पुढच्या रस्त्यात वळणावरून भाजीचा टेम्पो आला. आम्हाला इतकंच माहीत होतं. आईने पोलिसांना इतकंच सांगितलं होतं, आणि मलाही.

बाबांना मी माझ्याच घरी आणलं. डोंगर चढणं आता त्यांना शक्य नव्हतं. आई काही दिवस वर राहायची, काही दिवस आमच्याकडे. म्हैस विकली तेव्हा ती वरून आली आणि काहीच बोलली नाही. ती मुळात बडबडी बाई. तिचं माहेर कुडपणचं. पठारावर वाढलेल्या माणसांचा आवाज खुला असतो. वाडीत शेताच्या या टोकावरून त्या टोकाला ती बोलायची. माझ्या घरात मात्र ती माणसाच्या जवळ जाऊन, दंडाला हात लावून, हळू बोलायला लागली. मला वाटलं, शेजारीपाजारी आहेत म्हणून असेल, किंवा दमली असेल.

भाऊ म्हणाला, दावा लावायचा. महाडातले एक वकील मिळाले, पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. अपघाताच्या दाव्यांचं काम ते बरीच वर्षं करत होते. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "टेम्पोवाल्याची चूक आहेच. वळण आहे, वस्ती आहे, त्याने वेग कमी करायला हवा होता. पण विमा कंपनी म्हणणार की पायी चालणाऱ्याचीही चूक आहे. न बघता मधे आला. मग कोर्ट दोघांत चूक वाटून देतं. जेवढी चूक तुमच्या पदरात पडेल, तेवढी भरपाई कापली जाते."

बाबा वॉकर धरून बसले होते. त्यांनी विचारलं, "चूक कशी वाटतात?"

"पुराव्यावरून. कुणी काय पाहिलं त्यावरून."

"मला सांगाल काय मग, मी बघितला व्हता की नाय?"

वकील हसले नाहीत. म्हणाले, "ते तुम्हीच सांगायचं असतं काका."

बाबांनी मान खाली घातली. आई उठली आणि वकिलांच्या घरातल्या मुलीला पाणी द्यायला मदत करायच्या निमित्ताने आत गेली.

दावा माणगावच्या कोर्टात चालला. तारखेला आम्ही गाडी करून जायचो, कारण बाबांना एसटीची पायरी चढता येत नव्हती. विमा कंपनीच्या लेखी उत्तरात आमच्या वकिलांनी सांगितलं तसंच लिहिलं होतं. टेम्पो वेगमर्यादेत होता. दावेदार अचानक, डावीकडे उजवीकडे न पाहता, रस्त्यात आला. अपघात सर्वस्वी त्याच्या निष्काळजीपणाने झाला. वकिलांनी ते मराठीत समजावून सांगितलं तेव्हा बाबांनी दोनदा ऐकून घेतलं. घरी येऊन मला म्हणाले, "सर्वस्वी म्हणजे सगळा ना गो?"

"त्यांना असं लिहावंच लागतं बाबा."

"पण तसा असेल तर?"

बाबांची साक्ष फार थोडक्यात झाली. किती वय, काय शेती, पाय कसा आहे. मग कंपनीच्या वकील उठल्या. तरुण बाई होत्या, अदबीने बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, रस्त्यात पाऊल टाकण्यापूर्वी तुम्ही महाडच्या बाजूला पाहिलं होतं का? बाबा म्हणाले, "मला आठवत नाय." टेम्पो किती वेगात होता? "आठवत नाय." म्हणजे तो हळू होता असं आम्ही म्हटलं तर तुम्ही नाही म्हणू शकत नाही? बाबांनी आमच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाय म्हणू शकत नाय."

बाहेर व्हरांड्यात बाकड्यावर तो टेम्पोवाला बसला होता. वरंधकडचा मुलगा, भावापेक्षा लहानच. भोरची भाजी घाट उतरून इकडे आणायचा. बाबांना वॉकरवर येताना बघून तो उठला आणि त्याने जागा दिली. मी मान फिरवली. पण बाबा बसले आणि त्यालाच म्हणाले, "तू तर बघितलास ना मला? मी कसा आलो?"

तो घाबरला. इकडे तिकडे बघितलं.

"काका, मला बोलायला मना केलंय."

"मी कुणाला सांगणार नाय. मला फक्त कळू दे. पळत आलो?"

"नाय. पळत नाय. चालतच होता."

"गाडीकडं बघितला नाय मी?"

"नाय काका. तुम्ही सरळ समोर बघत होता. मी हॉर्न मारला तरी समोरच." त्याने खाली बघून रुमाल घडी केला. "मी वळणावर जोरात होतो. तेही खरं हाय."

परतताना गाडीत बाबा पुढच्या सीटवर होते. टोल नाक्यासारखी गर्दी झाली होती, गाडी रेंगाळत होती. ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "समोर काय व्हता असा, की मी हॉर्नपण ऐकला नाय?" मागे माझ्या शेजारी आई खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, "बाबा, सोडा आता." त्यांनी सोडलं नाही. पुढे कितीतरी दिवस जेवताना मधेच घास हातात घेऊन ते थांबायचे, आणि मला कळायचं की ते त्या रस्त्यावर उभे आहेत.

आईच्या साक्षीला उन्हाळा आला. अपघात डोळ्यांनी पाहणारी आमच्या बाजूची ती एकटीच होती. रिक्षावाला अपघाताआधीच निघून गेला होता. वकिलांनी तिला आदल्या दिवशी सांगितलं, "मावशी, जे विचारतील तेवढंच सांगायचं. जास्त बोलायचं नाही." तिने मान डोलावली. त्या रात्री ती बाबांच्या खाटेशी जमिनीवर झोपली, नेहमीसारखी.

कोर्टात ती पदर घट्ट घेऊन उभी राहिली. आमच्या वकिलांचे प्रश्न झाले. मग त्या तरुण बाई उठल्या.

"आजी, रस्ता आधी तुम्ही ओलांडलात?"

"होय."

"तेव्हा तुमचे पती कुठे होते?"

"मधे. दुभाजकाशी."

"तिथे ते थांबले होते का?"

"होय. थांबले व्हते."

आमच्या वकिलांनी माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवली. थांबले होते, हे आमच्या बाजूचं होतं.

"मग थांबलेला माणूस निघाला कशावरून?"

आईने पदर आणखी घट्ट ओढला.

"तुम्ही त्यांना काही म्हणालात का?"

आमचे वकील अर्धवट उठले. न्यायाधीश म्हणाले, "उत्तर देऊ द्या त्यांना."

आईने कठडा धरला. "मी हाक मारली. या म्हटलं, रस्ता मोकळा हाय."

टाइप करण्याचा आवाज थांबेपर्यंत त्या बाई थांबल्या.

"मग त्यांनी स्वतः वळून बघितलं?"

"नाय. माझ्याकडं बघत आले."

"आणि रस्ता खरंच मोकळा होता?"

"मला दिसत व्हता तेवढा मोकळा व्हता. वळणाच्या पलीकडचं मला कुठून दिसणार?" मग कुणी काही विचारलं नसताना ती न्यायाधीशांकडे वळून म्हणाली, "चूक धरायची तर माझी धरा साहेब. त्यांची नको. ते मी बोलावलं म्हणून आले."

न्यायाधीशांनी चष्मा काढून ठेवला. अगदी सौम्यपणे ते म्हणाले, "आजी, विचारलं तेवढंच सांगा."

मी मागे वळून बघितलं. शेवटच्या बाकावर बाबा वॉकरवर दोन्ही हात ठेवून बसले होते. त्यांचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या घरात सापडावी, तसं काहीतरी.

परतताना बाबा पुन्हा पुढच्या सीटवर बसले. दासगाव मागे पडल्यावर बाबांनी पुढूनच विचारलं, "तू हाक मारली व्हतीस?"

"होय."

"मग इतके दिवस बोलली का नाय?"

"काय बोलू? तुम्ही तिथं खाटेवर. मी कुठल्या तोंडानं बोलू?"

बाबा म्हणाले, "मी समजलो, मला वेड लागलं व्हतं म्हणून मधे घुसलो. रोज रात्री तेच वाटायचं. की माझं डोकं आधीच गेलं असेल, तुम्ही सांगत नाय." मग म्हणाले, "तू बोलावलंस म्हणून आलो. मग ठीक हाय. त्यात काय."

त्यांना खरंच बरं वाटलं होतं. आवाजावरून कळत होतं. आणि आई माझ्या शेजारी तोंडावर पदर दाबून रडत होती, आवाज न करता, महाड येईपर्यंत. एकाच्या डोक्यावरून जे उतरलं ते दुसऱ्याच्या डोक्यावर इतके महिने होतंच, फक्त आता ते सगळ्यांना दिसत होतं. मी दोघांमधे बसल्यासारखी बसले होते.

निकाल लागला तेव्हा पावसाळा संपत आला होता. वकिलांनी आम्हाला घरी बोलावलं. टेम्पोवाल्याची चूक तीन हिस्से आणि बाबांची एक हिस्सा, असं ठरलं होतं. वस्तीजवळच्या वळणावर टेम्पो वेगात होता हे मान्य झालं. पण चारपदरी रस्ता ओलांडणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबून चालत नाही, स्वतः बघितलं पाहिजे, असं न्यायाधीशांनी म्हटलं होतं.

"पाव वाटा," बाबा म्हणाले. त्यांनी ते असं म्हटलं जसं वाटणीत मिळालेल्या शेताबद्दल म्हणावं.

आईने विचारलं, "आणि माझा?"

"तुमचा कसला मावशी?" वकील म्हणाले. "दाव्यात तुमचा काही वाटा नाही. तुम्ही साक्षीदार."

"कुठंच नाय लिहिलेला?"

"नाही."

मला आठवतं, तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं मला वाटलं होतं. दिसली नाही. टेम्पोवाल्याचा हिस्सा लिहिला गेला, बाबांचा लिहिला गेला. तिचा कुणी मोजलाच नाही, त्यामुळे तो किती हे तिला कधी कळणार नव्हतं.

वकील म्हणाले, हायकोर्टात अपील करता येईल. पायी चालणाऱ्यावर एवढा भार टाकू नये असं म्हणायला जागा आहे. तो पाव वाटा जाऊ शकतो किंवा कमी होऊ शकतो.

बाबांनी विचारलं, "तिथं हिला परत उभी करतील?"

"बहुतेक नाही. कागदांवर चालतं. पण मावशींची साक्ष वाचली जाईल. सगळा वाद त्या हाकेवरच होईल."

"मग नको."

"काका, विचार करा. घाई नाही."

"केला विचार. नको."

संध्याकाळी भावाचा फोन आला. तो चिडला होता. "बाबा, फुकटात कशाला सोडायचं? तुमची चूक नाय तर पाव हिस्सा तरी का घ्यायचा?"

बाबा फोन कानाला लावून शांतपणे म्हणाले, "चूक हाय रे. माझे डोळे माझ्याकडं व्हते. मान वळवायला काय झालं व्हतं मला? पाव माझाच हाय. तो मी ठेवतो." आणि फोन माझ्या हातात दिला.

आई मोरीत भांडी घासत होती. मी तिच्याजवळ गेले. ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्यासाठी अंगावर घेतायत ते. मला कळत नाय असं त्यांना वाटतं."

"मग तू हलकी हो ना आता आई."

"त्यांनी घेतला म्हणून माझा जातोय होय?" तिने ताटावर पाणी ओतलं. "असा जात नाय गो."

त्यानंतर बाबा तीनेक वर्षं होते. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांची खाट होती; हळूहळू वॉकर सुटला आणि ते खाटेवरच राहिले. खिडकीतून गल्ली दिसायची. आई पावसाळ्यात लावणीला वर जायची, मग तेही बंद झालं, शेत चुलतभावाने करायला घेतलं. दोघं एका खोलीत असायची, फारशी बोलायची नाहीत, पण भांडायचीही नाहीत. आधी भांडायची. मी शाळेतून आले की बघायचे, ती त्यांच्या पायाला तेल लावत असायची आणि ते डोळे मिटून पडलेले असायचे. तिच्याबद्दल त्यांच्या मनात राग नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. तो नसण्याचाच तिला जास्त त्रास व्हायचा असं मला वाटायचं. ते एकदा तरी रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

एका थंडीत त्यांच्या छातीत कफ झाला. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना होतो तसा. चार दिवसांत ते गेले. मृत्यूच्या दाखल्यावर अपघाताचा शब्द नव्हता.

तेरावं झाल्यावर आई म्हणाली, "मी वर जाते." मी थांब म्हटलं, भाऊ मुंबईला चल म्हणाला. तिने ऐकलं नाही. मी तिला सोडायला गेले. महाडकडून जाताना वाडीची वाट आपल्याच बाजूला येते, त्यामुळे ओलांडायचा प्रश्न नव्हता. तरी रिक्षातून उतरल्यावर ती रस्त्याकडे पाठ करूनच उभी राहिली, आणि मी पैसे देते तोवर वाटेला लागली.

अर्ध्या चढावर एक सपाट दगड आहे, तिथे सगळेच टेकतात. ती टेकली. खाली रस्ता दिसत होता, वाहनं इकडून तिकडे जात होती. वरून त्यांचा आवाज कमी येतो. ती म्हणाली, "येताना हसत व्हते ते."

मला आधी कळलं नाही.

"त्या दिवशी. रस्त्यात. मी हाक मारली तसे माझ्याकडं बघून हसत आले. हे मी कोर्टात सांगितलं नाय. कुणी विचारलंच नाय."

"कशाला हसत होते?"

"काय माहीत. मी त्यांना सोडून पुढं पळाले म्हणून असेल. लहान पोरीसारखी पळतेस म्हणायचे मला." तिने गुडघ्यावर हात ठेवले. "त्यांना शेवटपर्यंत सांगायचं व्हतं मला. त्यांना आठवत नव्हतं ना. तुम्ही हसत व्हता म्हणून. पण तोंडातून निघालं नाय."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती उठली, पदर खोचला आणि पुढे चालायला लागली. मी मागून पिशवी घेऊन निघाले. घर बरेच महिने बंद होतं. कुलपाला गंज होता, किल्ली फिरायला वेळ लागला. आत शिरल्या शिरल्या तिने झाडू शोधला आणि पहिल्यांदा पुढचं दार, मग मागचं दार सताड उघडलं. मी चुलीजवळची राख भरायला घेतली.